गांवची चावडी : तिचा इतिहास व तिचें जतन

आपल्या प्रांतांतील जुन्या इमारतींचा विषय निघाला कीं, किल्ले, लेणीं, देवळें आणि सरदारांचे वाडे हींच बहुधा डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत, व पुढेंहि व्हावींत. परंतु जिच्या ओट्यावर शेतसाऱ्याचा हप्ता भरला गेला, बांधाचे व वतनाचे तंटे तुटले, जत्रेची वर्गणी ठरली आणि परगांवच्या वाटसरानें रात्र काढली, ती गांवची चावडी इतिहास लिहिणारांच्या व जीर्णोद्धार करणारांच्याहि नजरेंतून सहसा सुटते. ती फार साधी असते, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण असें कीं, ती कोणा एकाची नसते. आणि जें सर्वांचें असतें त्याची काळजी करणें हें कोणाच एकाचें काम होत नाहीं. या चावडीची हकीकत थोडक्यांत सांगून, ती राखावयाची तर कां व कशी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार आज विशेष निकडीचा कां झाला आहे, हें पाहावयाचें असेल तर पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस जावें. चांदणी चौक व बावधन मागें टाकलें म्हणजे भूगांव लागतें. पुढें भुकूम, पिरंगुट, आणि मग मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण पौड. हा जुन्या मावळांतला मुलूख. जवळच उगम पावणारी रामनदी भूगांवावरून बावधन-पाषाणकडे उतरते. गांवालगत मानस तलाव आहे. मराठी ग्रामव्यवहारांत शेतजमिनीस ‘काळी’ व वस्तीस ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. या रस्त्यावर गेल्या कांहीं वर्षांत काळीची पांढरी किती झपाट्यानें झाली, तें कोणाच्याहि ध्यानांत येण्याजोगें आहे. भाताचीं खाचरें होतीं तेथें सात-सात, दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें. ३० जून २०२१ रोजीं बावधन बुद्रुकासह तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत सामील करण्यांत आलीं. भूगांव त्या यादींत नव्हतें. शहर वेशीवर आलें, पण कारभार ग्रामपंचायतीचाच, अशा स्थितींत जीं गांवें आहेत, त्यांस ‘आपण सर्वांनीं मिळून कोठें बसावें’ हा प्रश्न कधीं नव्हता इतका आज महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचें जुनें उत्तर चावडी हें होतें.

जुनी चावडी म्हणजे बहुधा जोत्यावर उचललेला एक लांबट ओटा, तीन बाजूंस दगडमातीच्या भिंती, समोरची बाजू मोकळी व तेथें लांकडी खांब, आणि वर कौलें. बहुतेक गांवीं ती वेशीजवळ किंवा मारुतीच्या देवळाशेजारीं असे. समोरची बाजू मोकळी असण्यांत केवळ काटकसर नव्हती. आंत काय चाललें आहे तें रस्त्यानें जाणाराला दिसावें, हा त्या बांधणीचा परिणाम होता. आणि न्यायाच्या व हिशेबाच्या कामांत हा परिणाम लहान नव्हे. ज्या गांवास वेगळी चावडी बांधण्याची ऐपत नसे, तेथें देवळाचा सभामंडप किंवा वडापिंपळाचा पारच चावडीचें काम करी.

मराठेशाहींतल्या न्यायाची पद्धत पाहिली म्हणजे या जागेचें महत्त्व कळतें. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला कीं गोतसभा बसे. तींत प्रसंगानुसार देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, आसपासच्या गांवांचे मोकदम आणि बलुतेदार असत. वादी व प्रतिवादी यांच्या तकरीरी घेत. निकाल मान्य करूं असा राजीनामा दोघांकडूनहि आधीं लिहून घेत. (राजीनामा या शब्दाचा हा जुना अर्थ आज आपण विसरलों आहों.) मग साक्षी होत, पंच निर्णय देत, आणि हरलेल्या पक्षाकडून येजितखत व जिंकलेल्याकडून हरकी घेतली जाई. सभेनें केलेल्या महजरावर लिहितां येणारे सही करीत. बाकीच्यांची निशाणी असे. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा. ज्याच्या त्याच्या धंद्याचें हत्यार हीच त्याची सही. असे शेंकडों महजर आज छापून निघाले आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, वतनदारांच्या घरचे रुमाल सोडवून जे कागद मिळविले, त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड १८९८ पासून बाहेर पडले. आणि १९१० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें तें काम पुढें चालविलें. कागद अशा रीतीनें वांचला. ज्या ओट्यावर तो लिहिला गेला, त्याची चौकशी करण्यास मात्र फारसे कोणी गेलें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चावडीच्या ओट्यावर सारा गांव बसत होता, असें म्हणणें खरें होणार नाहीं. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष फार वजनदार मानीत. परंतु ती साक्ष देणारा माणूस ओट्याखालीं उभा असे. चावडीची झाडलोट, सरकारी निरोप पोंचविणें, लोकांस बोलावून आणणें हीं कामें त्याच्याकडे होतीं. त्या चावडीवर बसण्याचा मान त्याच्याकडे नव्हता. स्त्रियांच्या तंट्यांचा निकाल तेथें होई, पण निकाल देणारांत स्त्री नसे. १८३० सालीं सर चार्लस मेटकाफ यांनीं हिंदुस्थानांतल्या गांवांस लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तें वचन आपल्याकडील पुष्कळांस फार गोड वाटलें. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गांवगाडा’ वाचणारास तो गाडा कोणाच्या खांद्यावर किती जड होता हें कळून चुकतें. आणि १९२७ सालीं अनंत सदाशिव अळतेकर यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांचा इतिहास लिहून ही कल्पना पुराव्यावर घांसून पाहिली. त्यानंतर एकच वर्षानें, १९२८ सालीं, डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें, तें या वतनी चाकरींतून महारांची सुटका व्हावी म्हणून. जुन्या चावडीचें जतन करावें असें आम्ही म्हणतों, तेव्हां ही हकीकत झांकून ठेवावी असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, तो ओटा व त्याखालची उभें राहण्याची जागा हीं दोन्ही जेथें अजून दिसतात, तेथें ती गोष्ट कोणत्याहि पुस्तकापेक्षां लवकर समजते.

१८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर चावडीच्या उतरत्या काळास आरंभ झाला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं पंचायतींची पद्धत चालूं ठेवण्याचा प्रयत्न केला होता. परंतु १८२७ चे कायदे व त्यामागून आलेलीं दिवाणी कोर्टें यांनीं तंटा गांवाबाहेर नेला. त्याच सुमारास जमिनीची पाहणी सुरू झाली. १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत जी पद्धत घालून दिली, तिनें प्रत्येक शेताला नंबर व प्रत्येक रयतेला तिचा आकार लावून दिला. यांत रयतेची कांहीं सोय झाली हें नाकारतां येत नाहीं. परंतु साऱ्याचा बोजा गांवानें बसून वांटून घ्यावयाचा, हें जें चावडीचें मोठें काम होतें, तें त्यामुळें उरलें नाहीं. तंटा कोर्टांत गेला, आकारणी कचेरींत गेली. चावडींत राहिला तो हप्ता घेणारा पाटील व दप्तर सांभाळणारा कुळकर्णी.

याचे परिणाम पुढें दिसले. १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा होऊन रोखे जाळले गेले व तें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरलें. त्यावर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, त्यांत सरकारनें गांव-मुनसफ व सलोखा करणारे लवाद नेमण्याची तजवीज केली. गांवांतून काढून नेलेला न्याय थोडासा गांवांत परत पाठविण्याचाच हा प्रयत्न होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि त्या दशकांत लवाद कोर्टें काढून पाहिलीं. मग १९२० व १९३३ सालीं ग्रामपंचायतींचे कायदे झाले. स्वराज्यानंतर कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, खालचीं गांवकामगार वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, आणि महसुली पाटलाचें पद १९६२ च्या कायद्यानें रद्द झालें. जिच्यावर जन्मानें हक्क सांगणारे लोक बसत, त्या चावडीवरून ते हक्क अशा रीतीनें उठले. ही मोठी व इष्ट गोष्ट झाली. परंतु हक्क उठले तेव्हां जागाहि ओस पडली; आणि आतां ती सर्वांची झाली आहे, तर सर्वांनीं येऊन तींत बसावें, असें कोणाच्या फारसें मनांत आलें नाहीं.

चावडीवांचून गांव म्हणजे काय, याचा एक कठोर अनुभव मुळशीकडील लोकांस पूर्वींच आला आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला व पुढें सेनापति बापट त्याचे नायक झाले. तो लढा यशस्वी झाला नाहीं. मुळा नदीच्या खोऱ्यांतील गांवें जलाशयाखालीं गेलीं. घर मोडलें तर त्याचें मोल ठरवितां येतें, जमिनीचेंहि ठरवितां येतें. परंतु पार, सभामंडप व चावडी यांचें मोल कोणाच्या नांवें मांडावयाचें? गांवाची वाताहत झाली म्हणजे माणसें कोठें तरी राहतातच; पण एके ठिकाणीं बसून निर्णय करण्याची त्यांची संवय मोडते, आणि ती पुन्हा लागण्यास पिढ्या जातात. आज पौड रस्त्यावरील गांवें पाण्याखालीं जात नाहींत. परंतु जुन्या वस्तीचे लोक देवळाच्या मंडपांत, व नव्या वसाहतींतले लोक आपापल्या आवाराच्या आंतल्या दिवाणखान्यांत, असे दोन गांव एकाच नांवाखालीं राहूं लागले, तर तीहि एक प्रकारची वाताहतच होय. दोघांचें पाणी एकच, रस्ता एकच, आणि नदींत जाणारें सांडपाणीहि एकच. फक्त त्याविषयीं बोलण्याची जागा एक नाहीं.

गंमत अशी कीं, कायद्यानें चावडी अद्याप सोडलेली नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यांत चावडीची व्याख्याच दिली आहे. गांव-अधिकारी गांवचें काम जेथें सामान्यतः करतो ती जागा, असा तिचा आशय. जमिनीच्या फेरफाराची नोंद झाली म्हणजे तिची प्रत चावडींत सर्वांस दिसेल अशी लावावी, असें तोच कायदा सांगतो. सातबाराचें जाहीर वाचन होतें त्यास अजून ‘चावडी वाचन’ म्हणतात, आणि महसूल खात्यानें दप्तर यंत्रावर नेलें तेव्हां त्यासहि ‘ई-चावडी’ हेंच नांव दिलें. एकीकडे १९९३ पासून अंमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान मिळालें. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक स्त्री-पुरुष या सभेचा सभासद आहे. सभा वर्षांतून निदान चार वेळां भरलीच पाहिजे, व तिच्याआधीं स्त्रियांची वेगळी सभा व्हावी असाहि नियम आहे. म्हणजे जुन्या चावडीला जें कधीं साधलें नाहीं, तें आज कायद्यानें दिलें आहे. ओट्यावर बसण्याचा हक्क प्रत्येकास आला आहे. ओटा कोठें आहे, एवढेंच पाहावयाचें राहिलें आहे.

सभेची जागा टिकते कशी, याचीं दोन उदाहरणें येथें उपयोगी पडतील. तामिळ देशांत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर म्हणून गांव आहे. तेथील ग्रामसभेच्या मंडपाच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ चे लेख कोरलेले आहेत. सभासद होण्यास वय किती असावें, जमीन किती असावी, नांवाच्या चिठ्ठ्या मडक्यांत घालून निवड कशी करावी, आणि ज्यानें पूर्वीं हिशेब दिला नाहीं त्यास कसें वगळावें, हें सर्व त्या भिंतींवर वाचावयास मिळतें. ती इमारत पुढें देवालय झाली, आणि आज ती पुराणवस्तु खात्याच्या रक्षणाखालीं आहे. दुसरें उदाहरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आल्डबरो या लहान शहराचें. तेथें सोळाव्या शतकांतलें एक लांकडी सभागृह आहे. मूळचें गांवाच्या मध्यभागीं असलेलें हें घर, समुद्रानें मधले रस्ते गिळल्यामुळें, आज किनाऱ्याशीं येऊन ठेपलें आहे. तरी तें उभें आहे, आणि त्याचें मुख्य कारण असें कीं, गांवकऱ्यांनीं त्याचा वापर सोडला नाहीं. पहिल्या ठिकाणीं भिंती राहिल्या व सभा गेली. दुसऱ्या ठिकाणीं सभा राहिली म्हणून भिंती राहिल्या.

आपल्याकडे सर्वांत जिवापाड जपलेली चावडी शिर्डीची. साईबाबा १९१८ सालीं समाधिस्थ झाले; त्यापूर्वीं कित्येक वर्षें ते एक दिवसाआड रात्रीं तेथें निजावयास जात. लोकांच्या भक्तीनें ती वास्तु वांचली. पण प्रत्येक गांवास संतांचें पाऊल लागणें शक्य नाहीं, आणि सरकारी यादींत नांव यावें अशी आशाहि फोल आहे. १९५८ च्या मध्यवर्ती कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाचें स्मारक ठरण्यास वास्तु निदान शंभर वर्षांची असावी लागते; पण शंभर वर्षें भरलीं तरी चिखलमातीच्या भिंती व सागवानी खांब असलेली चार खणांची चावडी त्या मानास क्वचितच चढते. तेव्हां तिचें रक्षण करावयाचें तें गांवानेंच.

तें काम फार खर्चाचें नाहीं, परंतु जाणतेपणाचें आहे. मावळांतल्या पावसांत जुन्या इमारतीचा पहिला शत्रु म्हणजे गळकें छप्पर. दरसाल मृगाआधीं कौलें परतून घेतलीं, तर भिंत पुष्कळ वर्षें राहते. चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जांवर सिमेंटचा गिलावा चढविणें हा दुसरा शत्रु. आंतली ओल बाहेर पडूं न दिल्यामुळें दगड व माती दोन्ही आंतून कुजतात, आणि वरून मात्र सर्व नवें कोरें दिसतें. खांबाचा पाया कुजला असेल तर तेवढाच तुकडा बदलावा. सर्व खांब काढून लोखंडी नळ उभे करूं नयेत. मोडण्यावांचून इलाज नसेल, तर आधीं तिचीं मापें घ्यावींत, छायाचित्रें काढावींत, आणि तेथें काय काय घडलें तें वृद्धांस, ओट्यावर बसलेल्यांस आणि ओट्याखालीं उभे राहिलेल्यांसहि, विचारून लिहून ठेवावें. गांवांतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले कागद असतील, तर ते जाणत्या संस्थेस दाखवावेत. या कामांत नव्या वसाहतींतल्या सुशिक्षित मंडळींस पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. त्यांत वास्तुविद्या जाणणारे आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. जुन्या गांवाशीं ओळख होण्यास याहून चांगलें निमित्त त्यांस मिळणार नाहीं.

परंतु डागडुजी हें अर्धेंच काम होय. डिसेंबर २०१७ मध्यें भूगांवीं महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रांतून मल्ल व प्रेक्षक त्या गांवीं लोटले होते. मोठ्या प्रसंगास गांव एकत्र येऊं शकतो, यांत शंका नाहीं. प्रश्न आहे तो लहान प्रसंगांचा: मंगळवारच्या सकाळीं पाण्याच्या वेळापत्रकासाठीं, फेरफाराच्या नोटिशीसाठीं, ओढ्यावर पडलेल्या भरावासाठीं. अशा कामास ज्या जागेंत माणसें येतात ती जागा जिवंत राहते. नुसतें रंगवून, कुलूप घालून व पाटी लावून ठेवलेली चावडी दहा वर्षांत पुन्हा पडते, आणि मग ती पडली तरी कोणास वाईट वाटत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. ज्या गांवीं जुनी चावडी उभी आहे, तेथें येती एक तरी ग्रामसभा तिच्यांत किंवा तिच्या अंगणांत भरवावी, आणि नव्या वसाहतींतल्या मतदारांनीं त्या दिवशीं आवर्जून जावें. बसावयास जागा अपुरी पडली, तर समोरच्या रस्त्यावर सतरंज्या घालाव्यात. चावडीची समोरची बाजू मोकळी आहे ती त्याचसाठीं. आणि ज्यांच्या वाडवडिलांस तेथें खालीं उभें राहावें लागलें, त्यांस व गांवच्या स्त्रियांस त्या दिवशीं ओट्यावर पहिली जागा द्यावी.